इंजिन पाणी कुठं घेतं?

ज्या माणसानं मला आयुष्यात आपलं एकही मत सांगितलं नाही, त्याच्याविषयी मला सर्वांत जास्त आदर वाटतो. हे कबूल करणं माझ्यासारख्याला सोपं नाही. मी पत्रकांवर वाढलो. आमच्या घरात पंचांग नव्हतं, पण पत्रकांचा गठ्ठा होता. मी वाचायला शिकलो तो "बंधूंनो, जागे व्हा" या अक्षरांवर. माझ्या लेखी मत नसलेला माणूस म्हणजे भित्रा माणूस. आणि आमच्या मास्तरांना कशावरच मत नव्हतं. त्यांच्याकडं फक्त प्रश्न होते, आणि तेही असे की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा चळला.

नगरमधल्या मिशनच्या एका शाळेत ते इतिहास शिकवायचे. उंच, वाळके, अंगात बारा महिने खाकी कोट आणि खांद्याला लष्करी पाण्याची बाटली. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियाला खेचरांच्या पलटणीत होते, तिथून ती बाटली आली होती. शाळेत, बाजारात, रविवारी उपासनेलाही ती खांद्यावर असे. कुणी काही विचारलं की आधी बूच काढायचं, घोटभर पाणी प्यायचं, बूच लावायचं आणि मग बोलायचं. पाळकसाहेबांनी एकदा चिडून विचारलं, "मास्तर, देवाच्या घरात तरी ही खाली ठेवा की!" मास्तरांनी घोट घेतला आणि म्हणाले, "साहेब, इस्राएल लोक अरण्यात कशावरून कुरकुरले?" बायबलातलं उत्तर 'पाण्यावरून' असं होतं; पाळकसाहेबांनी पुन्हा विषय काढला नाही.

लढाई शिकवताना ते फळ्यावर आधी पाणी काढायचे. नदी, ओढे, विहिरी, तळी. पानिपत शिकवलं तेव्हा विहिरींनीच फळा भरला आणि दोन्ही सैन्यांना उभं राहायला जागा उरली नाही. त्याच आठवड्यात शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "पानिपतची तिसरी लढाई कोणत्या साली झाली?" तो उभा राहिला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "साहेब, नदी कुणाच्या ताब्यात होती ते आधी बघूया." साहेब लाल झाले. मास्तर शांतपणे म्हणाले, "सन पुस्तकात छापलेला आहे, साहेब. तो कुठं पळून जात नाही."

दर शनिवारी 'थांबा' असायचा. मास्तर एखाद्या युद्धाची गोष्ट सांगत सांगत नेमक्या जागी थांबायचे. सेनापतीला दोन रस्ते आहेत, निरोप्या घोड्यावरून पडलाय, पहारेकऱ्याला डुलकी आलीय. "आता तू काय करशील?" प्रत्येकानं कागदावर लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. "आम्ही हल्ला करू" असं लिहिलेलं चालायचं नाही. 'मी' लिहावं लागे. नगरच्या किल्ल्याचा वेढा आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होता. तटाला भगदाड पडलं आणि राणीनं रातोरात ते बुजवून घेतलं. आम्ही छाती फुगवून सांगायचो. मास्तर विचारायचे, "पहिला दगड कुणी उचलला?"

"राणीनं हुकूम दिला, मास्तर."

"हुकूम दिला. बरोबर. तोफा चालू आहेत, शंभर माणसं अंधारात एकमेकांकडं बघतायत. पहिला कोण वाकला?"

कुणालाच माहीत नसे. "मलाही नाही," मास्तर म्हणायचे. "पण तो वाकला नसता तर उरलेले नव्याण्णव उभेच राहिले असते."

घरी त्यांच्या चार कोंबड्या होत्या. नावं सुभेदार, जमादार, हवालदार आणि नाईक. अंडी फक्त जमादार द्यायची. मास्तरीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होत्या आणि नवऱ्याला पुरून उरल्या होत्या. मला चहा देत एकदा म्हणाल्या, "यांना भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर हे विचारतात, मीठ टाकायचं ठरवलं केव्हा? लग्नाला तेवीस वर्षं झाली, अजून कळलं नाही माझी भाजी कशी होते ती."

त्यांच्याबरोबर फिरायला जाणं ही शिक्षा होती. प्रत्येक तिठ्यावर थांबून ते म्हणायचे, "तू सांग, कुठून जायचं?" आपण "कुठूनही चालेल" म्हटलं की रस्त्याच्या कडेला दगडावर बसायचे. "कुठूनही नावाचा रस्ता मला दिसत नाही." एकदा अशा बसण्यापायी आम्ही एका लग्नाला पोचलो तर तिथं पत्रावळ्या उचलत होते.

बेचाळीसच्या ऑगस्टनंतर नगर तापलं. पुढारी आमच्याच किल्ल्यात कोंडलेले, रस्त्यावर लष्करी लॉऱ्यांची रांग, रॉकेलसाठी आयाबाया पहाटेपासून उभ्या. मी मॅट्रिक होऊन एका छापखान्यात खिळे जुळवत होतो, आणि छापखान्याबाहेर पत्रकं लिहीत होतो. शाळा सोडायला लावायला आम्ही गेलो तेव्हा मास्तर दारात उभे राहिले आणि प्रत्येक मुलाला एकेक करून विचारलं, "तू जातोस की तुला नेतायत?" जो म्हणाला "मी जातो," त्याला वाट दिली. जो गप्प राहिला, त्याला आत बसवलं. तिथंच मी ठरवलं, हा माणूस सरकारचा. त्यांना आधीच्या युद्धाची पेन्शन होती, तेवढा पुरावा मला पुष्कळ होता. 'पेन्शनीचे गुलाम' या मथळ्याखाली मी एक पत्रक काढलं. त्यात त्यांचं नाव घातलं नव्हतं, पण पाण्याच्या बाटलीचा उल्लेख होता.

तीन दिवसांनी ते छापखान्यात आले आणि पत्रक माझ्या हातात दिलं. लाल पेन्सिलीनं तपासलेलं.

"'आम्ही' अकरा वेळा आलंय," ते म्हणाले. "कोण रे ही माणसं?"

आम्ही तिघं होतो. मी ते बोललो नाही.

"बाकी भाषा चांगली आहे," म्हणाले आणि गेले. पोलिसांना सांगायचं तर ते त्याच दिवशी सांगू शकले असते. माझं अक्षर त्यांना शेकडो शनिवारांपासून ठाऊक होतं. मी घाम पुसत बसलो आणि त्या दिवसापासून पुन्हा त्यांच्याकडं जाऊ लागलो.

ते मत का देत नाहीत, हे मला मास्तरीणबाईंनी सांगितलं. शनिवारच्या थांब्यात एक गोष्ट दरवर्षी यायची. वाळवंटात एक तुकडी दारूगोळा घेऊन पुढच्या तुकडीच्या मागोमाग चाललीय. नदी ओलांडायचा उतार जवळ आलाय. गोरा अधिकारी एका खेचरवाल्या पोराला विचारतो, खेचरांना पाणी आत्ता पाजायचं की नदी ओलांडल्यावर? पोरगा काय म्हणेल? वर्गातले अर्धे 'आत्ता' लिहायचे, अर्धे 'नंतर'. पुढं काय झालं ते मास्तर या एकाच गोष्टीत कधी सांगत नसत.

"तो पोरगा म्हणजे हेच," बाई म्हणाल्या. "यांचं एक खेचर लंगडत होतं, त्याची दया आली. म्हणाले, आत्ता. अर्धा तास थांबले. तेवढ्यात उतारावर मारा सुरू झाला. मागं राहिले म्हणून हे वाचले, आणि यांचा दारूगोळा पोचला नाही म्हणून पुढचे सगळे गेले. त्यात यांच्या गावची दोन पोरं होती." त्यांनी कप उचलले. "तेव्हापासून कुणाला सांगत नाहीत, असं कर म्हणून. मला वैताग येतो. पण रागावता येत नाही."

आता एका सकाळची गोष्ट सांगतो.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या तिघांचा बेत ठरला. आमचा म्होरक्या कोपरगावकडचा, आखाड्यातला गडी. त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. नगरहून राहुरीकडं जाणाऱ्या रुळांवर चार-पाच मैलांवर एक ओढा आहे. सकाळी रूळ तपासणाऱ्या गँगमनची गस्त त्या पुलावरून गेली की मध्ये थोडा वेळ रिकामा असे. तेवढ्यात रुळाचा सांधा सोडायचा. आठच्या सुमाराला लष्करी मालगाडी सुटते, ती ओढ्यात जाईल. पॅसेंजर तिच्यामागून अर्ध्या-पाऊण तासानं सुटते, तोवर बोभाटा होईल आणि ती नगरलाच थांबेल. सगळं पक्कं. पुलावर पैलवान आणि त्याचा चुलतभाऊ. माझं काम पत्रकाचं. ते मी आदल्या दिवशीच लिहून, चक्रमुद्रित करून ठेवलं होतं: "आज सकाळी ओढ्याच्या पुलावर जनतेनं लष्करी गाडी उलथवली!" मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटत होता की त्या सकाळी साडेसातला ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना. असला वेडेपणा पत्रकवालाच करू जाणे.

मास्तर ओट्यावर बसले होते. मी पत्रक पुढं केलं. वाचताना त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि तशीच परत ठेवली.

"हे झालं?"

"व्हायचंय. तासाभरात."

"मग झालं म्हणून का लिहिलंस?"

"होणारच आहे, मास्तर."

त्यांनी बाटलीचं बूच काढलं. प्यायले नाहीत. "इंजिन पाणी कुठं घेतं?"

मला हसू आलं. देशात वणवा पेटलाय आणि यांना पाणी! "स्टेशनातच घेत असेल की."

"टाकीत पाणी आहे?"

"मला काय माहीत?"

"दोन्ही इंजिनांना पुरेल एवढं आहे? नसलं तर आधी कोण सुटेल?"

मी पत्रक घडी करून खिशात घातलं.

"जा, बघून ये," ते म्हणाले. बूच बाटलीला लावायचं सोडून त्यांनी कोटाच्या खिशात टाकलं. ते मी पाहिलं, पण म्हातारचळ समजून सोडून दिलं. "आत्ता जा. सायकल आहे ना?"

"आणि तसं असलं तर? मी काय करायचं?"

"ते मी कसं सांगू?" मास्तर म्हणाले.

चिडूनच मी स्टेशनावर गेलो. मालगाडी बाजूच्या रुळावर उभी होती, ताडपत्रीनं झाकलेली, आणि मधल्या दोन डब्यांत जवान. तिचं इंजिन पाण्याच्या नळाखाली होतं आणि नळातून करंगळीएवढी धार पडत होती. ओळखीचा हमाल बिडी ओढत बसला होता.

"काय झालं?"

"टाकी तळाला गेलीया. ह्येचं प्वाट भरंस्तवर नऊ वाजत्याल. टेसनमास्तर म्हनलं, प्याशिंजराचं इंजान ल्हान हाय, त्येला पुरंल येवढं पानी हाय त्येच्यात. तवा तीच पुढं काढायची. साडेआठला सुटंल."

आठ वाजायला पाच मिनिटं होती.

पॅसेंजर फलाटाला लागलेली होती. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीतून हाक आली, "काय रे, तू इकडं कुठं?"

मास्तरीणबाई. मांडीवर टोपली, टोपलीत जमादार कोंबडी.

"राहुरीला निघाले. धाकट्या बहिणीला मुलगी झाली. हिची अंडी तिच्या कामी येतील. तुला मास्तरांनी सांगितलं नाही? मघाशीच तर सोडून गेले मला."

शेजारची एक बाई ओंजळीतून कोंबडीला पाणी पाजत होती. समोरच्या बाकावर दोन म्हातारे, मधे भाजीची पाटी, खाली कुणाचं तरी लेकरू झोपलेलं.

बाईंना खाली उतरवायला एक वाक्य पुरलं असतं. स्टेशन मास्तरला सांगितलं असतं तर गाडीच थांबली असती, आणि पैलवान त्याच्या भावासकट पुलावर सापडला असता. त्या दिवसांत रूळ उखडणाऱ्याला काय मिळतं ते आम्हाला माहीत होतं. मी बाईंना म्हणालो, "सांभाळून जा," आणि सायकलवर टांग टाकली. वाटेत एवढंच ठरवलं, की उशीर झाला तर रुळांवर उभं राहायचं. तो विचार शूर वगैरे नव्हता. दुसरा सुचत नव्हता, इतकंच.

पुलावर पोचलो तेव्हा सांधा सुटलेला होता. पट्ट्या बाजूला पडल्या होत्या, खिळे उपटलेले होते आणि एक रूळ पहारीनं हातभर सरकवलेला होता. पैलवान घामानं न्हाला होता.

"लाव परत," मी ओरडलो. "आधी पॅसेंजर येतीय!"

"कुनी सांगितलं?"

"मालगाडीच्या इंजिनाला पाणी नाही. टाकी आटलीय."

"पानी न्हाई?" त्यानं पहार टेकवली. "आन् म्हून समदं सोडून द्यायचं? तूच लिवलंस न्हवं, ज्वालामुखीला दयामाया नसती म्हून? मला पाठ हाय ते!"

मी लिहिलं होतं. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

"मी चुकलो," मी म्हणालो. "त्यात बाजाराच्या बाया हायेत, पैलवान. लेकरं हायेत."

त्यानं टेकवलेली पहार उचलली. मग भावाकडं वळून ओरडला, "पाना आन त्यो! बगत काय बसलायस, भाड्या!"

रूळ सरळ करायला आम्हाला किती वेळ लागला कोण जाणे. बोटं सोलून निघाली. खिळे ठोकले, पट्टी बसवली, चारांतले तीन बोल्ट आवळले, आणि शिट्टी ऐकू आली. चौथा बोल्ट पैलवानाच्या मुठीतच राहिला. आम्ही घाणेरीच्या जाळीत आडवे झालो. गाडी पुलावर आली. त्या सांध्यावर प्रत्येक चाकानं 'धड्' असा आवाज केला.  मग शेवटचा डबाही पलीकडं गेला.

पैलवान उठून बसला. "आता मालगाडीसाठी सांदा परत सोडू."

पण गार्डानं डोकं बाहेर काढून मागं पाहिलं होतं, आणि दूर गँगमनची ढकलगाडी दिसायला लागली होती; तो सांधा आता तेच आवळून घेणार होते. पैलवानानं तो बोल्ट ओढ्यात फेकला. "तुजं त्वांड बगायचं न्हाई मला पुन्यांदा," असं म्हणून तो भावाला घेऊन शेतातून निघून गेला. त्यानं शब्द पाळला. पुढं तुरुंगात आम्ही एकाच बराकीत होतो, तेव्हाही तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याच्याबद्दल आजही वाईट शब्द बोलता येत नाही. रूळ परत बसवायला पहार आधी त्यानंच उचलली होती.

मी सायकल हातात धरून आडवाटेनं परत निघालो. मैलभर आल्यावर रुळांच्या कडेच्या फाटकापाशी मास्तर बसलेले दिसले. कोट धुळीनं माखलेला, एक वहाण तुटलेली. बाटली घरीच राहिली होती. त्यांना त्या बाटलीशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मांडीवर बाईंचं लाल लुगडं होतं.

"गाडीला दाखवावं म्हणून आणलं," ते म्हणाले. "तू गेलास आणि मी निघालो. पण माझ्यानं पळवेना. त्या समोरच्या वावरात होतो तेव्हाच ती गेली. मग इथं येऊन बसलो. ऐकत."

"काय ऐकत?"

"काही ऐकू येतंय का ते."

मला एकदम राग आला. इतका, की मी सायकल आडवी टाकली. "मास्तर, बाई गाडीत होत्या! तुम्हाला माहीत होतं. मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू तिला वाचवायला गेला असतास."

"मग?"

"तिला खाली उतरवून आला असतास, बाळ. डब्यात बाकीची माणसंही होती."

फलाटावर माझ्या जिभेवर आलेलं ते वाक्य मला आठवलं. मी खाली बसलो.

"आणि मी पोचलो नसतो तर?"

  ते लुगड्याची घडी घालायला लागले. नऊवारी लुगडं एकट्याला आवरत नाही. काठाला काठ जुळेना. मी उठून दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी फाटकापाशी उभं राहून ते लुगडं ताणलं.

तेवढ्यात मालगाडीची शिट्टी झाली.

आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं. लाल लुगडं रुळांच्या कडेला ताणलेलं होतं. पाच-दहा क्षण तसंच धरलं असतं, तर गाडी थांबली असती. थांबून काय झालं असतं, मला सांगता येणार नाही. कदाचित एक तास उशीर, कदाचित पुढं कुठल्यातरी आघाडीवर काहीतरी न पोचणं, आणि त्यामुळं कुणी वाचणं, कुणी मरणं. मी लांबून येणाऱ्या ताडपत्रीकडं बघत होतो. ती साम्राज्याची गाडी होती, आणि ती आजही माझ्या लेखी साम्राज्याचीच आहे.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. हातातलं टोक ओढलं नाही, सोड म्हणाले नाहीत. वाट बघत राहिले.

मी टोक सोडलं.

त्यांनी भराभर ते सगळं लुगडं गोळा करून छातीशी धरलं, वरून कोट ओढून घेतला, आणि लाल तसूभरही दिसू नये म्हणून ते पुढं वाकले. मालगाडी धडधडत आली. उघड्या दारात पाय सोडून बसलेली पोरं आमच्याच मुलखातली असावीत, एकानं ओरडून विचारलं, "काय म्हातारबा, पोटात कळ आली काय?" आणि सगळी हसली.

शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत मास्तर तसेच वाकून उभे होते.